यांपैकी नाही

हात मिळवायला गेलं की चाचा मनगट पुढं करायचे. पंजा तेलानं आणि लोखंडाच्या किसानं काळा झालेला, म्हणून समोरच्यानं मनगट धरायचं. तुम्हीही एखाद्या गॅरेजवर असं मनगट धरलं असेल. पण चाचांचं मनगट धरलं की सुटायला वेळ लागे, कारण तेवढ्यात ते विचारत, "कसं काय सर? बसतंय का समदं नीट?"

'बसणं' हा त्यांच्या धंद्यातला शब्द. शाफ्ट बेअरिंगात बसतो, बुश खाचेत बसतो. पण चाचांचं सगळं जगच एकमेकांत बसत होतं किंवा बसत नव्हतं. जावई घरात बसला. नवा चष्मा नाकावर बसंना. कुणाचं बोलणं पटलं नाही तर म्हणत, "बसवून बगा आधी. मग बोला."

गेवराईत हायवेला लागून एका दुमजली इमारतीच्या वरच्या दोन खोल्यांत माझा गणिताचा क्लास आहे. अकरावी-बारावीची पोरं, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी. मी मूळचा वडवणीचा, पण आता चौदा वर्षं इथलाच. जिन्याच्या पायथ्याला चाचांची पत्र्याची शेड होती. आत एक जुनं लेथ मशीन, एक ड्रिल, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली मापाची हत्यारं. ट्रकचे शाफ्ट, विहिरीवरच्या मोटारींचे बुश, गुऱ्हाळाच्या चरकाचे रूळ, असलं काहीही घासून, कापून नेमक्या मापाचं करून देणं हा त्यांचा धंदा.

पहिल्या वर्षी आमचं भांडण झालं होतं. मी वर शिकवायला लागलो की खाली लोखंड किंचाळायचं. मी खाली उतरलो आणि बरंच काही बोललो. चाचांनी मशीन बंद केलं, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमचा तास किती ते किती?" मी वेळ सांगितली. त्यांनी ती खडूनं पत्र्यावर लिहून घेतली. त्या दिवसापासून मोठं घासकाम माझ्या तासाच्या आधी किंवा नंतर. तासाला फक्त ड्रिल, तेही दार ओढून. मला फारच ओशाळल्यासारखं झालं. चाचांना त्याचं काही नव्हतं. "वेळचं माप कळलं, काम झालं," एवढंच म्हणाले.

खिशात कायम व्हर्नियर. चहा येईपर्यंत पेल्याची जाडी मोजतील, माझा खडू मोजतील. एकदा एक शेतकरी घाईनं शाफ्ट घेऊन आला होता. त्याचं पाणी थांबलं होतं, चाचा तिसऱ्यांदा माप घेत होते.

"चाचा, द्या की आता. उन्नीस-बीस चालतंय."

"उन्नीस-बीस सोयरिकीत चालतंय बे," चाचा मान वर न करता म्हणाले. "बेअरिंगात न्हाई."

त्यांची धाकटी मुलगी आफरीन. दहावीला तालुक्यात गणितात पहिल्या काही मुलांत आली म्हणून चाचांनीच तिला माझ्या क्लासला घातलं. मुलगी कमी बोलणारी. पुढच्या बाकावर कडेला बसायची, वहीत रेघ मारायची ती पट्टीनं. चाचांचीच मुलगी, हे त्या रेघेवरून कुणीही ओळखलं असतं.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरं वाटत नाही. पण त्याशिवाय चाचा सांगता यायचे नाहीत.

अकरावीत केवलमूल्याची समीकरणं येतात. पोरं त्याला 'मॉड' म्हणतात. संख्येच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा, म्हणजे ती संख्या शून्यापासून किती लांब आहे ते सांगा. पाच असो की वजा पाच, अंतर पाचच. प्रवेश परीक्षांना हा प्रकार आवडतो, कारण त्यात पोरं हमखास फसतात. मी दर वर्षी त्यावर एक सराव चाचणी घेत असे. प्रश्न एका जुन्या गाइडातून काढलेले, उत्तरंही तिथलीच. त्यातला नववा प्रश्न असा होता:

|2x − 3| = x − 6, तर x = ?

पर्याय चार. अ: 3. ब: −3. क: 3 आणि −3. ड: यांपैकी नाही.

गाइडात उत्तर 'क' होतं. सोडवलं तरी तेच येतं. एकदा रेघा पुसून जसंच्या तसं सोडवा, वजा तीन येतो. एकदा उलट चिन्ह घेऊन सोडवा, तीन येतो. छान जोडी जमते. सात वर्षं मी 'क' बरोबर धरत होतो.

आफरीननं 'ड' लिहिलं होतं. यांपैकी नाही.

पेपर वाटताना मी तिच्यापाशी थांबलो. त्या दिवशी माझं डोकं कशानं तरी तापलेलं होतं, कशानं ते आता आठवतही नाही. मी पेपर वर धरला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "'यांपैकी नाही' हा पर्याय कुणासाठी असतो माहितीय? ज्यांना सोडवायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी."

चाळीस पोरं हसली. ती काहीतरी बोलायला उठली होती. हसणं ऐकून बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, ताप असेल. आठवडा गेला. मग मला वाटलं, मुली अशाच मध्येच सोडतात. माणूस स्वतःला किती सोयीचं वाटून घेतो पाहा. रोज तिच्या बापाच्या शेडवरून मी जात होतो, मनगट धरत होतो, आणि विचारत मात्र नव्हतो.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी चाचा जिना चढून वर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. हात साबणानं घासलेले, तरी नखांच्या कडेला काळं राहिलेलं. दारातच चपला काढल्या.

"सर, एक काम हाय. मला एक गोष्ट शिकिवता का?"

"काय?"

त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर दोन उभ्या रेघा काढल्या. अगदी सरळ. "हे दोन खांब. ह्याचं काय काम आसतंय?"

मला हसू आलं. "तुम्हाला कशाला हवंय, चाचा?"

"कावून, मला नगं का?"

चाचा आठवीपर्यंत शिकलेले. शाळा सुटली ती बापाच्या हाताखाली लेथवर उभं राहायला लागलं म्हणून. मला गंमत वाटली. दुपारी दोन ते तीन माझा वर्ग रिकामा असे. म्हटलं, या.

मी विचारलं, "आफरीन येत नाही?"

"घरी करतीय," ते म्हणाले आणि बाकावर बसले. बाक त्यांना लहान पडत होता.

पहिल्या दिवशी मी |x − 3| = 5 लिहिलं आणि नेहमीसारखं सुरू केलं, पहिली शक्यता, दुसरी शक्यता, चिन्ह बदला. चाचांनी हात वर केला.

"चिन्ह कावून बदलायचं?"

"नियम आहे."

"नियम आसंल. पर कावून?"

अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, समजा रस्त्यावर तीन नंबरच्या दगडापाशी तुम्ही उभे आहात. तिथून पाच अंतरावर कोण आहे ते सांगा.

चाचांनी दोन बोटं बाकावर डावी-उजवीकडं सरकवली. मग त्यांचा चेहरा उजळला. "हिकडं बी पाच, तिकडं बी पाच. आठ आन् वजा दोन. हे तर आमचंच काम हाय सर! गिऱ्हाईक म्हनतंय पन्नासचा शाफ्ट करा, केसाएवढा फरक चालंल. आता फरक वर गेला काय आन् खाली गेला काय, फरक तो फरकच. उने फरक आसा काय फरक नसतो."

चिन्ह बदलण्याचा नियम मी नंतर सांगितला. तोवर त्यांना त्याची गरज उरली नव्हती.

आठवडाभर ते रोज आले. अक्षर मोठं आणि गोल, लहान मुलासारखं. बीजगणित विसरलेलं, तेही पुन्हा शिकले. बेरीज-वजाबाकी मात्र माझ्याहून जलद, तीही दशांशातली. आणि एक सवय अशी की मला तिचा कंटाळा यायचा. उत्तर आलं की ते लगेच पुढं जात नसत. आलेला आकडा परत मूळ समीकरणात घालत, डावी बाजू काढत, उजवी बाजू काढत आणि मगच टिचकी मारत.

"चाचा, परीक्षेत एवढा वेळ नसतो."

"घाईचा शाफ्ट परत येतोय सर."

सातव्या की आठव्या दिवशी मी त्यांच्यापुढं तीच सराव चाचणी ठेवली. खरंच सांगतो, मला काही आठवलं नव्हतं. ते एकेक सोडवत गेले आणि मी खिडकीपाशी उभा राहून हायवे बघत होतो. बराच वेळ झाला तरी आवाज नाही. वळून पाहिलं तर चाचा पेन्सिल खाली ठेवून बसले होते.

"काय झालं?"

"नववं. दोन उत्तरं आली. तीन आन् वजा तीन."

"बरोबर आहे."

"आली, पर बसंनात."

मी जवळ गेलो. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तीन घातला की डावीकडं तीन येतात आणि उजवीकडं वजा तीन. वजा तीन घातला की डावीकडं नऊ आणि उजवीकडं वजा नऊ.

"डावीकडं अंतर हाय," चाचा हळू म्हणाले. "अंतर उने कसं आसंल सर? मग दोन्ही गेले. ह्येचं उत्तरच न्हाई."

मी खुर्ची ओढून बसलो. दोनदा करून पाहिलं. त्यात दोनदा करण्यासारखं काहीच नव्हतं. नववीतल्या पोरालाही कळावं इतकं ते उघडं होतं, आणि सात वर्षं मी ते पाहिलं नव्हतं, कारण मी कधी परत घालूनच पाहिलं नव्हतं.

तेव्हा चाचांनी सदऱ्याच्या खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला आणि बाकावर उलगडला. आफरीनचा पेपर. नवव्या प्रश्नापुढं 'ड', त्यावर माझी लाल फुली. समासात तिनं बारीक अक्षरात दोन्ही आकडे घालून पाहिले होते. डावी बाजू, उजवी बाजू. ते मी तपासताना वाचलंच नव्हतं.

"पोरगी म्हनत हुती, अब्बा माझं बरोबर हाय. मग दोन दिसांनी म्हनाया लागली, मलाच येत नसंल. क्लास नगं, सायन्स नगं, काईच नगं." ते कागदावरची घडी अंगठ्यानं सपाट करत होते. "मला काय कळतंय ह्यातलं? म्हनलं, आधी आपुन शिकावं. ती चुकली आसंल तर तिला समजावून सांगावं. न समजता मास्तराशी भांडू ने."

"आणि आता समजलं."

"हां. आता समजलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तर दिलं असतं, गाइडावर ढकललं असतं. पण चाचांनी फक्त लाल फुलीकडं बोट केलं. "ही तेवढी दुरुस्त करा. मला न्हाई, तिला. पोरीचं मन उगं वाकडं झालंय."

त्या संध्याकाळी तासाला जाताना मी जिन्यात दोनदा थांबलो. छोट्या गावात मास्तरची अब्रू म्हणजे त्याची उत्तरं. ती चुकतात असं एकदा बाहेर गेलं की शेजारच्या गल्लीतल्या क्लासची चंगळ. मी ठरवलं होतं, प्रश्नात छपाईची चूक होती म्हणून सांगायचं. फळ्यावर समीकरण लिहिलं. मागं वळलो. पुढच्या बाकाची कडेची जागा रिकामी होती.

मी म्हणालो, "ह्या प्रश्नाचं उत्तर 'यांपैकी नाही' असं आहे. वर्गात एकीनंच ते बरोबर लिहिलं होतं. मी तिला सगळ्यांसमोर हसलो. चूक माझी होती. सात वर्षं माझी चूक होती."

मग एका पोरानं विचारलं, "सर, म्हंजे आमचा एक मार्क जाणार का?" आणि सगळेच हसले, मीही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी आफरीनला शेडवर बोलावलं. ती आईबरोबर आली, ओढणी गच्च धरून. लेथच्या कडेला कागद ठेवून मी फुली खोडली, बरोबरची खूण केली, एक गुण वाढवला आणि खाली सही केली. मग तिला म्हणालो, "माझं चुकलं, बेटा."

ती कागदाकडंच बघत राहिली. "सर, मला वाटलं मीच येडी हाय."

"नाही. येडा मी होतो. येशील ना उद्यापासून?"

तिनं बापाकडं पाहिलं. चाचा मुद्दाम दुसरीकडं बघत एक नट पुसत होते. मग ती म्हणाली, "येते. पर कुनी उभं ऱ्हायलं की त्याचं आधी ऐकायचं. मग हसायचं."

ही अट मी आजपर्यंत पाळत आलो आहे.

ती आली, आणि तिच्यामागं चाचाही आले. आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट जायची. त्या दिवशी मशीन बंद, म्हणून ते शेवटच्या बाकावर येऊन बसायचे. वर्गाला आधी संकोच वाटला, नंतर गंमत, नंतर सवय झाली. कुणी फळ्यावर उत्तर काढलं की पोरं मागं वळून ओरडायची, "चाचा, बसतंय का?" चाचा वहीत पडताळा घेऊन मान हलवायचे. त्या वर्षी माझ्या पोरांच्या चुका निम्म्यावर आल्या असं मी छातीठोकपणे सांगेन, जरी मोजदाद ठेवली नाही.

दीड वर्षानं प्रवेश परीक्षा झाली. केंद्र बीडला होतं. मी माझ्या पोरांबरोबर गेलो होतो, चाचा आफरीनला घेऊन आले होते. बाहेर लिंबाच्या झाडाखाली पालकांची गर्दी. कुणी माळ ओढतंय, कुणी मोबाइल. चाचांनी कुणाच्या तरी स्कूटरचा सैल झालेला आरसा घट्ट करून दिला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. हातांना काम नसलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

आफरीन बाहेर आली. चाचांनी पहिला प्रश्न केला, "खांबाचे किती आलते?"

"एक बी न्हाई अब्बा."

"एक बी न्हाई?"

"एक बी न्हाई."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. एवढं सगळं झालं त्या खांबांपायी, आणि परीक्षेत खांबच नाहीत! चाचा इतके हसले की त्यांना झाडाला टेकावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "जाऊ दे. शिकलेलं कुठं जातंय."

तिला छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. तिनं मेकॅनिकल घेतलं. नातेवाईक समजावायला आले. पोरीला मेकॅनिकल? कॉम्प्युटर तरी घ्यावं. चाचांनी चहा पाजला आणि एकच विचारलं, "कावून?" चहा पिऊन मंडळी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात चाचाही निघाले. तिकडच्या एका कारखान्याला जुन्या लेथवरचा अनुभवी हात हवा होता. नव्या पोरांना माप शिकवायचं काम. शिकवायचं, हा शब्द सांगताना ते जरा लाजले होते. लेथ युसूफ वडगाव या गावच्या एका मिस्त्रीनं घेतला. वजन उचलायची साखळीची घोडी लावून तो टेम्पोत चढवला तेव्हा चाचा सगळा वेळ त्या मिस्त्रीला सांगत होते, कोणता गिअर रुसतो, थंडीत कसं हळू सुरू करायचं. टेम्पो गेल्यावर वर आले, शेवटच्या बाकावर थोडं बसले. पाणी मागितलं. "लई चांगलं गेलं सर हितं," म्हणाले, आणि जिना उतरले.

शेडचे पत्रे निघाले. आता तिथं एक बाई मोसंबीचा रस विकतात. लेथखालचा काँक्रीटचा चौथरा मात्र कुणाला फोडता आला नाही, म्हणून तसाच राहिला. बाईंनी त्याचंच टेबल केलं आहे. क्लास सुटला की पोरं त्याच्याभोवती उभी राहून पेपरातली उत्तरं जुळवतात, भांडतात, परत पहिल्यापासून सोडवतात.

परवा मी रस प्यायला थांबलो होतो. बाईंनी पेला काठोकाठ भरला आणि न बघताच चौथऱ्यावर ठेवून दिला. मी हात पुढं केला, सांडेल म्हणून.

"न्हाई सांडत," बाई म्हणाल्या. "कुनी बांधलाय कुनास ठावं, पर वट्टा लई सरळ हाय."

मी वाकून पाहिलं. रस पेल्याच्या काठाला चहूकडून सारखा टेकला होता.